काहींच्या दुबळेपणापायी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'ख्रिस्ती श्रद्धा आणि धार्मिक ढोंग' असा विषय मला दिलाय. फळ्यावर तो लिहिला तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा हसला. मी पाहिलं. त्याचं काही चुकलं नाही. धर्म म्हटला की आपल्या लोकांच्या पाठीवरचे वळ जागे होतात.

मी ख्रिस्ती आहे. महारवाड्यातला ख्रिस्ती. माझ्या आजोबाच्या बापानं नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात ज्वारीसाठी धर्म बदलला, असं गाव म्हणतं. बदलला असेल! उपाशी माणसाला ज्वारी देणारा देव आवडला तर त्यात लाज कसली? बाप्तिस्म्यानंतरही गावानं त्याला महारच म्हटलं. त्याचा पणतू, म्हणजे मी, मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा कचेरीतला पहिला प्रश्न होता, "म्हणजे मूळचे कोण?" तेव्हा मी इथं धर्माचा वकील म्हणून आलेलो नाही. मी साक्षीदार आहे. साक्षीदारानं घरच्यांविरुद्धही खरं बोलायचं असतं. म्हणून घरापासूनच सुरू करतो.

आमच्या खेड्यातल्या मंडळीत दोन बाजूंना बाकडी होती. तशी कुणाचीही बसायला मनाई नव्हती. पण एका बाजूला पूर्वीचे महार बसायचे, दुसऱ्या बाजूला पूर्वीचे मांग. प्रभुभोजनाला एकच प्याला फिरायचा. माझी आजी कायम पहिल्या बाकावर. मला वाटायचं, केवढी ही भक्ती! मोठा झाल्यावर कळलं की मांगवाड्यातल्या बायकांचे ओठ लागायच्या आधी तिला प्यायचं असायचं. एका रविवारी नवे पाळक आले. त्यांना हा हिशेब माहीत नव्हता. त्यांनी प्याला पलीकडच्या बाजूनं सुरू केला. तो आजीपर्यंत आला तेव्हा तिनं कपाळाला लावला आणि न पिता पुढं दिला.

घरी येताना मी विचारलं, "आजी, तू का नाही प्यालीस?"

ती म्हणाली, "मन धजत नाय रं पोरा. देव समजून घेतो."

देव समजून घेतो! मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. माझी आजी वाईट बाई नव्हती. दारात आलेल्याला तिनं कधी उपाशी पाठवलं नाही. गावातल्या सवर्णांनी तिला जन्मभर पाणी वरून वाढलं होतं, आणि तीच बाई प्रभूच्या प्याल्यापाशी मांगाच्या ओठांचा विटाळ मानत होती. मनू आपल्या पोटात कुठवर शिरलाय ते बघा.

ढोंगी हा शब्द आपण फार सैल वापरतो. शनिवारी दारू पिऊन रविवारी चर्चला येतो तो ढोंगी, नाताळाला नवा कोट घालून मिरवतो आणि वर्षभर फिरकत नाही तो ढोंगी. अरे, ही तर साधी माणसं. ती कमी पडतात. कमी पडणं वेगळं, ढोंग वेगळं. नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात ढोंग्यासाठी जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ नट. म्हणजे आपला सोंगाड्या. पण आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची मला माफी मागितली पाहिजे. तो बिचारा रात्रभर राजा होतो, पाटील होतो, आणि पहाटे तोंडावरचा रंग धुऊन पोटासाठी पुढच्या गावचा रस्ता धरतो. आपण राजा नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. धर्मातला सोंगाड्या रंग धूतच नाही. वर्षं जातात, पिढ्या जातात, आणि तो रंगच त्याला आपली कातडी वाटू लागतो. मग तो खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही. धोका आहे तो इथं.

येशूनं वेश्येला हाकललं नाही. लोक ज्याच्यावर थुंकायचे त्या जकातदाराच्या घरी तो जेवला. कुष्ठरोग्याला त्यानं हात लावला. मग त्याची जीभ आसुडासारखी चालली ती कुणावर? देवाधर्मात मुरलेल्या शास्त्र्यांवर आणि परूशांवर. मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढून वाचा. पुदिन्याच्या पानाचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देवाला देणारी ही माणसं, न्याय आणि दया मात्र सोयीनं विसरतात, असा त्याचा आरोप आहे. बाहेरून चुना फासलेली थडगी, असं तो त्यांना म्हणतो.

आता हे ढोंग नेमकं सुरू कुठं होतं? ते पंगतीत सुरू होतं. पेत्र म्हणजे येशूचा पट्टशिष्य. अंत्युखिया शहरात तो यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंगतीला जेवत होता. मग यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, आणि पेत्र हळूच बाजूला झाला. त्यानं वाद घातला नाही की ठराव मांडला नाही. तो नुसता उठला. त्याला बघून बाकीचे उठले, बर्णबासारखा माणूसही उठला. तेव्हा पौलानं चारचौघांत पेत्राला तोंडावर झापलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही सगळी हकीगत आहे, आणि तिथं पौल ढोंग हाच शब्द वापरतो.

पंगत काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पत्रावळ कुठं मांडली यावरून माणसाची किंमत ठरते, हे आपल्या बापजाद्यांनी उकिरड्याशेजारी बसून शिकलंय. एक माणूस पंगतीतून उठतो त्याचं पुढं काय होतं, ते मात्र सांगायला हवं. त्यासाठी तुम्हांला दक्षिण आफ्रिकेला नेतो. तिथं या गोष्टीची अथपासून इतिपर्यंत कागदोपत्री नोंद आहे. ती वाचताना मला राहून राहून माझी आजी दिसते.

केपच्या किनाऱ्यावर डच लोक १६५२ साली उतरले. त्यांच्याबरोबर त्यांचं डच रिफॉर्म्ड चर्च आलं. त्यांनी गुलाम आणले, जमिनी घेतल्या. पुढं त्या गुलामांतले आणि तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांतले काही ख्रिस्ती झाले. मग प्रश्न आला, प्रभूच्या मेजावर यांना आपल्याबरोबर बसवायचं का? १८२९ साली केपच्या सिनोडनं, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेनं, साफ सांगितलं की रंगावरून भेद करायचा नाही. प्रभुभोजन सगळ्यांना एकत्र मिळेल. हे देवाच्या वचनावर उभं असलेलं तत्त्व आहे.

तत्त्व पक्कं झालं. गोऱ्यांचं मन काही पक्कं झालं नाही. कुरकुर चालूच राहिली. सरहद्दीकडच्या एका मंडळीतल्या गोऱ्यांनी आपल्याला वेगळं प्रभुभोजन द्या म्हणून मागणी केली. आणि १८५७ साली सिनोडनं नवा ठराव केला. त्याचा मतलब असा: सगळ्यांनी एकत्र उपासना करावी हेच इष्ट आहे आणि शास्त्रालाही तेच धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळं ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येत असेल, तर नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना वेगळ्या इमारतीत उपासना करू द्यावी.

काहींच्या दुबळेपणामुळं! काय शब्द निवडलाय! श्रद्धेनं दुबळा असेल त्याला सांभाळून घ्या, असं पौलानं एके ठिकाणी लिहिलं होतं. तेही काय खावं, काय खाऊ नये अशा शंकाकुशंकांबद्दल. इथं दुबळा कोण? ज्याच्याकडं जमीन, ज्याच्याकडं बंदूक, ज्याच्या कंबरेला चर्चची किल्ली. बलवानाला आलेली किळस 'दुबळेपणा' या नावानं खात्यावर जमा झाली. सवलत मिळाली किळस करणाऱ्याला. ज्याची किळस केली त्याला मिळाली वेगळी इमारत. आणि देव? देव समजून घेतो!

पुढं बघा. १८५७ साली ती एक सवलत होती, अपवाद होता. १८८१ साली ज्यांना 'रंगीत' म्हणून वेगळं काढलं होतं त्यांच्यासाठी अख्खं वेगळं चर्चच उभं केलं. अपवादाचा नियम झाला. नियम झाल्यावर पंडित बसले आणि त्यांनी नियमाला शास्त्र शोधलं. बाबेलच्या बुरुजापाशी देवानंच माणसांच्या भाषा वेगळ्या केल्या, तेव्हा वंशही वेगळे राहावेत ही त्याचीच इच्छा. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वी याच चर्चचे पाळक होते. १९४९ साली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी करणारा कायदा झाला. १९५० साली माणसांची वंशवार नोंदणी आणि वस्त्यांची वाटणी झाली. प्रभूच्या मेजावरच्या एका सवलतीपासून देशाच्या कायद्यापर्यंत यायला उणीपुरी नव्वद वर्षं लागली.

हे सगळं फक्त चर्चनं केलं, असं मी म्हणणार नाही. खाणमालकाला स्वस्त मजूर हवा होता, शेतमालकाला जमीन हवी होती. पण लुटणाऱ्यालाही रात्री झोप लागते आणि झोपेला उशी लागते. ती उशी चर्चनं शिवून दिली. आणि ही मंडळी नास्तिक नव्हती बरं का. ती जेवणाआधी प्रार्थना करत होती, रात्री घरात बायबल वाचत होती. वाढणारी काळी बाई तेवढी दाराआड उभी असायची.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथं परवान्याच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या काळ्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटस्लो भागात चर्चांची परिषद भरली. तिथं डच चर्चचेही प्रतिनिधी होते. परिषदेनं निवेदन केलं: ख्रिस्तावर विश्वास असलेल्या कुणालाही रंगावरून कुठल्या चर्चबाहेर ठेवता येणार नाही, आणि मिश्रविवाहाच्या बंदीला शास्त्रात आधार नाही. पंतप्रधान फेरवूर्ट नाराज झाले. लगेच डच चर्चच्या सभांनी आपल्याच प्रतिनिधींचं निवेदन झिडकारलं. पेत्र पुन्हा एकदा पंगतीतून उठला!

एक जण मात्र बसून राहिला. त्याचं नाव बायर्स नॉडे. तो पाळक होता. आफ्रिकानर गोऱ्यांची ब्रूडरबॉन्ड नावाची एक गुप्त संघटना होती, सत्तेच्या दोऱ्या तिच्या हातात. तिच्या संस्थापकांत त्याचा बाप होता. नॉडे स्वतः १९४० साली तिच्यात गेला आणि १९६३ साली बाहेर पडला. मधली तेवीस वर्षं मोजा. तो काही जन्मजात संत नव्हता. तोही रंग लावून वावरला, फक्त एक दिवस त्यानं आरशात बघितलं. १९६३ साली त्यानं 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट' काढली, काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणणारी. चर्चनं सांगितलं, ही संस्था किंवा पाळकपद, काय ते एक निवड. त्यानं निवडलं आणि व्यासपीठ गमावलं. १९७७ साली सरकारनं त्याच्यावर बंदीहुकूम बजावला. एका वेळी एकाहून जास्त माणसांशी बोलायचं नाही, त्याचं म्हणणं कुणी छापायचं नाही. हे सात वर्षं, १९८४ पर्यंत. रविवारी भरल्या मंडळीपुढं बोलणारा माणूस सात वर्षं एका वेळी एका माणसाशी बोलला. विश्वासानं जगणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. भजनात सूर किती लागला हे मला नका विचारू. त्यापायी काय काय सोडावं लागलं ते विचारा.

आणि ज्यांना वेगळ्या इमारतीत घातलं होतं त्यांचं काय झालं? १९८२ साली कॅनडातल्या ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची सभा भरली. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या आणि 'रंगीत' प्रतिनिधींनी तिथल्या प्रभुभोजनाला बसायला नकार दिला. आमच्या देशात ज्या मेजावर आम्हांला घेत नाहीत, त्यांच्याबरोबर परदेशात बसून देखावा कशाला? एवढं बोलल्यावर सभेला उत्तर देणं भाग पडलं. अपार्थाइड हे पाप आहे आणि त्याला शास्त्राधार देणं हे पाखंड आहे, असं सभेनं जाहीर केलं. गोऱ्यांच्या चर्चांचं सभासदत्व स्थगित झालं. १८८१ सालच्या त्या वेगळ्या चर्चमधून आलेले ॲलन बुसाक अध्यक्ष निवडले गेले. त्याच वर्षी त्या चर्चनं केपटाऊनजवळच्या बेलहार वस्तीत आपल्या श्रद्धेचा जाहीरनामा तयार केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. अन्यायाच्या जगात देव नाडलेल्यांच्या बाजूला उभा असतो आणि चर्चनं त्याच्या शेजारी उभं राहावं, हा त्याचा गाभा. बघा, श्रद्धा ढोंग्यांच्या हातून निसटली तेव्हा ती हाकललेल्यांनी उचलली. मी अजून ख्रिस्ती का आहे, त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

आता एक माणूस आणि त्याचे पाय. फ्रँक चिकाने हा काळा पाळक. १९७७ साली पोलिसांनी त्याचा छळ केला. त्यावर देखरेख करणारा गोरा अधिकारी चिकानेच्याच पंथातल्या गोऱ्या मंडळीचा सेवक होता, डीकन होता. म्हणजे दोघांचं बायबल एक, पंथ एक! १९८९ साली चिकानेच्या कपड्यांना विष लावलं गेलं. तो मरता मरता वाचला. त्या वेळचा पोलीसमंत्री होता एड्रियान फ्लोक. २००६ साली हा फ्लोक चिकानेच्या कचेरीत गेला, आणि येशूनं शिष्यांचे धुतले तसे त्यानं चिकानेचे पाय धुतले. २००७ साली कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती निलंबित. तुरुंगात जावं लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, वा रे न्याय! भांडंभर पाण्यात एवढं रक्त धुऊन निघतं? मीही तेच विचारतो. तरी खुर्चीवर असताना जो वाकला नाही तो म्हातारपणी खाली बसला, हे मी हसण्यावारी नेणार नाही. पण शुभवर्तमानात जक्कय नावाचा एक जकातदार आहे. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं पाय धुतले की नाही ठाऊक नाही. तो म्हणाला, माझी निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. याला म्हणतात पश्चात्ताप! त्यात चोपडी उघडावी लागते. ज्या पश्चात्तापात हिशेब नाही, तो रंगावर चढवलेला दुसरा रंग.

कुणी म्हणेल, आफ्रिकेतल्या गोऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. खरंय. चला, घरी येऊ.

१८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना कळवलं की चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची गेली पाहिजे. तंजावरकडं वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत, प्रभुभोजन आधी घेत. हुकूम आल्यावर त्यांतल्या पुष्कळांनी चर्च सोडलं. चर्च सुटलं तरी चालेल, जात सुटता कामा नये! तिरुचिरापल्लीत एका कॅथलिक दफनभूमीत मधोमध भिंत घातली गेली. अलीकडं दलित ख्रिस्ती, पलीकडं बाकीचे. पुनरुत्थानाच्या दिवशी भिंतीवरून उड्या मारायच्या की काय? २००८ च्या मार्चमध्ये विलुप्पुरम जिल्ह्यातल्या एरैयूर गावात दलित ख्रिस्ती लोकांनी चर्चमधल्या भेदाला कंटाळून आपला स्वतंत्र पॅरिश मागितला. सवर्ण ख्रिस्ती त्यांच्या घरांवर चालून गेले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. २०१६ साली देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी कबूल केलं. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. पहिले दलित कार्डिनल! आनंद आहे. पण दोन हजार वर्षं जुन्या धर्माला पहिला दलित कार्डिनल २०२२ साली सापडतो, यातच सगळं आलं.

आणि सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी केली आणि हिंदू नसलेल्यांना बाहेर ठेवलं. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासचा एक चर्मकार रस्त्याच्या कडेला जोडे शिवायचा. सरकारनं चर्मकारांना टपऱ्या वाटल्या, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. धर्मांतरानंतरही तसाच जाच होतो हे पुराव्यानिशी दाखवलं नाही, असं कोर्ट म्हणालं. आरी तीच, कातडं तेच, रस्ता तोच!

सवलतीची ही मागणी न्याय्य आहे, मी तिच्या बाजूनं आहे. पण त्यात चर्चचं एक सोंग आहे तेही सांगतो. दिल्लीत निवेदन द्यायचं असतं तेव्हा आमचे पुढारी म्हणतात, आमच्या दलितांना जातीचा जाच होतो. गावात दलित ख्रिस्ती माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा तेच म्हणतात, छे, ख्रिस्तात कुठं जात असते? अरे, दोन्हींतलं एक काहीतरी खरं बोला!

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढंच बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवलं. येशूबद्दल त्यांना आदर होता. त्यांचा सवाल येशूच्या अनुयायांना होता. धर्म बदलला आणि शेजाऱ्याशी वागणं तेच राहिलं, तर बदललं काय? ख्रिस्ती माणसानं या प्रश्नावर चिडू नये. तो पौलाचाच प्रश्न आहे.

मग श्रद्धा ओळखायची कशावरून? क्रूस केवढा आहे, घंटा किती लांब ऐकू जाते, यावरून नाही. मी चार जागा सांगतो. प्याला, कबर, सोयरीक आणि खुर्ची. एकाच प्याल्यातून कोण पितं? कुणाला कुठं पुरतात? पोरगी कुणाच्या घरात देतात? आणि चर्चच्या शाळा-दवाखान्यांत खुर्चीवर कोण, झाडू हातात कुणाच्या? या चार जागी जो बदलला तो विश्वास ठेवतो. बाकीच्यांचं पाठांतर चांगलं आहे, एवढंच. कृतीवाचून विश्वास मेलेला, हे याकोबानं आपल्या पत्रात सांगून ठेवलंय, आणि ते सांगताना त्यानं उदाहरणही बैठकीचंच घेतलंय. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा, फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा.

मागच्या रांगेतल्या माझ्या दोस्ता, तू मघाशी हसलास. तुला वाटत असेल, हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती मामला, आम्ही तर सगळे देव सोडून बसलोय. फार छान. आता या चार जागा आपल्या चळवळीला लावून बघ. पोटजातीबाहेर सोयरीक किती जणांनी केली, हात वर करा म्हटलं तर किती हात वर येतील? भाषणात बाईचं स्वातंत्र्य, आणि घरी बायको शेवटी जेवते. 'काय करणार, घरचे ऐकत नाहीत, म्हातारी माणसं आहेत.' ओळखीचं वाक्य आहे ना? काहींच्या दुबळेपणामुळं! १८५७ चा ठराव आपल्या खिशातही आहे.

जाता जाता एक कबुली. मघाशी आजीची गोष्ट मी अर्धीच सांगितली. आजीनं प्याला न पिता पुढं दिला तो माझ्या हातात. मला नुकतीच प्रभुभोजनाला बसायची मुभा मिळाली होती. पलीकडच्या बाकावर मांगवाड्यातला एक पोरगा होता, माझ्या वर्गातला. आम्ही एका चिंचेवर दगड मारायचो. तो माझ्याआधी प्याला होता, आणि आता मी काय करतो ते बघत होता. मला कुणी दटावलं नव्हतं, कुणाची भीती नव्हती. मी प्याला कपाळाला लावला आणि पुढं दिला. त्यानंतर तो चर्चला आला नाही. मी त्याच्या घरी कधी गेलो नाही. देव समजून घेत असेल. पण त्या पोरानं का समजून घ्यावं? इतकी वर्षं मी पेत्राला शिव्या देतोय, त्या खरं तर कुणाला आहेत ते आज तुमच्यापुढं सांगितलं.

आता जेवणाची वेळ झाली. पलीकडं चुलीपाशी सकाळपासून बाया भाकऱ्या थापताहेत. त्यांतली एकही या भाषणाला बसू शकली नाही. माझी एवढी विनंती आहे. पहिल्या पंगतीला त्यांना बसवा. वाढायला मी येतो, आणि मागच्या रांगेतला तो दोस्त माझ्याबरोबर येईल.

जय भीम.